पट्टी की पंच?

टक्कल पडायला लागलेला माणूस केस लावून घ्यायचं ठरवतो तेव्हा त्याच्यापुढे दोन नावं येतात : एफयूटी आणि एफयूई. पहिल्या पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातली कातडीची एक लांब पट्टी केसांसकट कापून काढतात, जखम टाके घालून मिटवतात आणि त्या पट्टीतली मुळं सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करतात. दुसरीत पट्टी नाही आणि टाकेही नाहीत. एक मिलिमीटरहून बारीक तोंडाच्या गोल पात्यानं, म्हणजे पंचनं, एकेक मूळ थेट डोक्यातून उचलतात. टकलावर छिद्रं पाडून ती मुळं रोवण्याचं पुढचं काम दोन्हीकडे जवळजवळ सारखंच असतं. फरक काढण्यात आहे, आणि त्यावरून या क्षेत्रातल्या डॉक्टरांमध्ये गेली वीसेक वर्षं मतभेद आहेत. जाहिरातींमध्ये मात्र हा वाद कधीच मिटला आहे. टाके नाहीत, व्रण नाही, लगेच कामावर जा, असं तिथे सांगतात. मला हे गैर वाटतं. जो माणूस आपलं डोकं पुढे करणार आहे त्याला दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्याच पाहिजेत.

म्हणून हा संवाद. बोलणारे दोघं मी रचलेले आहेत, मुद्दे मात्र खऱ्याखुऱ्या वादातले आहेत. मामा पुण्यातले प्लास्टिक सर्जन, सत्तरीला टेकलेले, आयुष्यभर पट्टीची पद्धत केलेले. भाची नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ, ती फक्त पंचनं काम करते. विषय आहे तिच्या मावसभावाचा. वय 26, नोकरी हिंजवडीत, घरात लग्नाचं बघायला सुरुवात झालेली. त्याचे फोटो दोघांच्याही फोनवर आले आहेत.

भाची : मामा, बघितलेस ना फोटो? दोन्ही कोपरे आत गेलेत, मधला झुपका विरळ झालाय. अडीच हजार ग्राफ्टच्या आत काम होईल. मी पंचनं करावं म्हणते. मागची बाजू आठवड्यात भरून येते. तुझ्या पद्धतीत दहा-बारा दिवस टाके, आणि त्यापुढे कित्येक आठवडे मागे ओढल्यासारखं आणि बधिर वाटत राहणार.

मामा : समोरचे फोटो बघितले. वरून काढलेलाही एक आहे त्यात. भोवऱ्यापाशी कातडी दिसायला लागलीय, ती बघितलीस? आणि त्याच्या वडिलांना आठव. पंचेचाळिशीत कानावरची झालर तेवढी उरली होती. टक्कल मोजायच्या नॉरवूडच्या तक्त्यात हा आज तिसऱ्या पायरीवर आहे. सहाव्या पायरीला जाणार नाही असं लिहून देशील?

भाची : कुणीच नाही देऊ शकत.

मामा : मग हिशेब सहाव्या पायरीचा धरायचा. तिथे टकलाचं क्षेत्र 200 चौरस सेंटिमीटरच्या घरात जातं. एका चौरस सेंटिमीटरला 35 ग्राफ्ट लावले, म्हणजे मूळच्या घनतेच्या निम्मेसुद्धा नाहीत, तरी 7,000 लागतील. मागून आयुष्यभरात किती निघतात? चांगल्या डोक्यातून पाच-सहा हजार. तू त्यातले अडीच हजार सव्विसाव्या वर्षी कपाळावर खर्च करणार.

इथे ग्राफ्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. टाळूतून केस एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे नैसर्गिक गुच्छ असतात. हेडिंग्टन या शास्त्रज्ञानं 1984 मध्ये त्यांची रचना नीट मांडली आणि पुढे हा गुच्छ हेच रोपणाचं एकक झालं. त्याच्याही आधीची गोष्ट न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख यांची. त्यांनी 1952 मध्ये टकलावर पहिलं रोपण केलं आणि 1959 मध्ये त्याबद्दल लिहिलं. मागचे केस पुढे नेले तरी ते मागच्यासारखेच टिकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे, आणि तिची मर्यादाही तिच्यातच आहे. रोपणानं एकही नवा केस तयार होत नाही. आहेत ते जागा बदलतात. जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे फोटो बघताना हे विसरलं जातं, म्हणून मला मामांचा हिशेब या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भाची : साठा मोजायला माझी हरकत नाही. पण साठा मर्यादित आहे यावरून पट्टीच कशी सिद्ध होते?

मामा : सांगतो. आपल्या लोकांत मागच्या भागात दर चौरस सेंटिमीटरला साधारण 75 गुच्छ धर. मी 25 सेंटिमीटर लांब आणि 1.2 सेंटिमीटर रुंद पट्टी काढली की 30 चौरस सेंटिमीटर झाले. 2,250 ग्राफ्ट. तेही कुठून? कवटीच्या मागच्या उंचवट्याजवळून, जिथले केस म्हातारपणीही सहसा जात नाहीत. कोकणातला तरवा आठव. मी एका बाजूचा वाफा उचलतो आणि दोन्ही कडा जुळवून घेतो, उरलेला तरवा होता तेवढाच दाट राहतो. तू मधूनमधून रोपं उपटतेस. तरवा सगळीकडे विरळ होतो.

भाची : म्हणूनच आम्ही चारातला एक घेतो, फार तर तिनातला एक.

मामा : चांगले डॉक्टर घेतात. हाव सुटली की मागची बाजू वाळवी लागल्यासारखी दिसते, अशी डोकी तूही बघितली असशील. शिवाय पसरून घ्यायचं म्हटलं की पंच हळूहळू वर सरकतो, खाली मानेकडे जातो. तिथले केस पन्नाशीत टिकतील याची खात्री नाही. ते गळले की पुढे लावलेलेही गळणार, कारण स्वभाव तोच.

भाची : हे मान्य. पण मामा, आता तुझ्या व्रणाबद्दल बोलू. माझ्याकडे महिन्याला एखादा तरी असा येतो, ज्याची तक्रार टकलाची नसतेच. डोक्याच्या मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पांढरी रेघ असते, कुणाची पाच-सहा मिलिमीटर रुंद झालेली. ती रेघ झाकायला मी पंचनं केस काढून त्यात लावते. तुमच्या पद्धतीची दुरुस्ती माझ्या पद्धतीनं होते.

मामा : वाईट शिवलेल्या जखमेचा दाखला देतेस. ताण न देता, एका कडेची वरची कातडी किंचित छाटून शिवलं की केस व्रणातूनच उगवतात. व्रण दोन मिलिमीटरच्या आत बसतो. आणि हिशेबच करायचा तर पूर्ण कर. 25 सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद, म्हणजे पाच चौरस सेंटिमीटर व्रण. तुझा पंच 0.9 मिलिमीटरचा. तेवढेच 2,250 ग्राफ्ट काढलेस तर जखमांचं एकूण क्षेत्र 14 चौरस सेंटिमीटर होतं. मग "व्रण नाही" असं कोण म्हणतं?

भाची : मी म्हणत नाही. माझ्या पेशंटला सांगते, ठिपके राहतात, आणि सावळ्या कातडीवर पांढरे ठिपके जास्त उठून दिसतात. पण डोळा क्षेत्रफळाची बेरीज करत नाही. त्याला रेघ दिसते, विखुरलेले ठिपके सहज दिसत नाहीत. आजची पोरं मागून मशीन फिरवतात, एक नंबर, दोन नंबर. तिथे तुझी दोन मिलिमीटरची रेघसुद्धा दिसते.

मामा : मग केस थोडे वाढवायचे.

भाची : आणि तिरुपतीला गेला तर? उद्या वडील गेले आणि दहाव्याला क्षौर करायची वेळ आली तर? करावं की नाही हा त्याचा प्रश्न. पण सव्विसाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयामुळे तो घाटावर टोपी घालून उभा राहील, हे मला बरं वाटत नाही. आपल्याकडे माणसाचं डोकं आयुष्यात कधीतरी उघडं पडतंच.

मामा थोडा वेळ गप्प राहतात. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत पट्टीचा व्रण झाकायला केस वाढवा असं सहज लिहिलेलं असतं. आपल्याकडे नवस आहेत, तेराव्याच्या आतले विधी आहेत, पोलीस आणि लष्करातली बारीक कटिंग आहे. डॉक्टरांनी या गोष्टी विचारायला हव्यात, आणि पेशंटनं आपणहून सांगायला हव्यात. त्याच वेळी कुणाच्या कातडीला जाड, फुगीर व्रण धरण्याची खोड असेल, छातीवर किंवा कान टोचलेल्या जागी केलॉइड आलेला असेल, तर पट्टीचा विचारच सोडून द्यावा लागतो. यावर पुढे मामांनीही हरकत घेतली नाही.

मामा : बरं, व्रणाचं राहू दे. मुळांचं काय? मी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बॉबी लिमर यांनी सॅन अँटोनियोत 1988 पासून हे सुरू केलं तेव्हा आमची सगळी पिढी बदलली. त्याआधी चार-चार मिलिमीटरचे गोळे लावायचे, माणसं बाहुलीच्या केसांसारखी दिसायची. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ तुटत नाही, भोवतीची चरबी शाबूत राहते. तू कातडीच्या वरून अंदाजानं पंच घालतेस. केस आत कुठल्या कोनात वळलाय ते तुला दिसत नाही.

भाची : दिसत नाही, पण हाताला कळतं. पहिल्या पन्नास ग्राफ्टमध्ये किती तुटतात ते बघायचं, कोन बदलायचा, खोली बदलायची. कुरळे केस असतील तर वेग कमी करायचा. आणि पंच म्हणजे कालची फॅशन नव्हे. जपानच्या ओकुदांनी 1939 मध्येच बारीक पंचनं केस असलेली कातडी काढून व्रणांवर लावल्याचं लिहून ठेवलंय. बर्नस्टीन आणि रॅसमन यांनी 2002 मध्ये एफयूईवर लेख लिहिला. तेच दोघं त्याआधी तुझ्या पद्धतीबद्दल लिहीत होते.

मामा : माहितीये. आणि कोणत्या पेशंटला हे जमेल, कोणाला नाही, हे आधी तपासून बघायला त्यांनीच सांगितलं होतं. ते आता कोण करतं?

भाची : मी करते. अजून एक सांगू? आपल्या पोरांना दाढी दाट असते. साठा संपला की हनुवटीखालचे केस घेता येतात. जाड असतात, कपाळावर शोभत नाहीत, पण माथ्यावर मिसळून जातात. ते पट्टीनं कसे काढशील? गळ्याची पट्टी कापणार?

मामा : नाही कापणार. तिथे पंचच लागतो.

भाची : मग मोकळेपणानं म्हण ना, की दोन्ही लागतात.

मामा : मी केव्हाचा क्रम सांगतोय, अगं. तरुणपणी एक-दोन पट्ट्या, मग चाळिशीनंतर पंच आणि दाढी. अशानं एकूण ग्राफ्ट सर्वांत जास्त मिळतात. आधी पंच मारून मागची बाजू विरळ केली की नंतरच्या पट्टीत ग्राफ्टही कमी आणि आतून व्रणही भरलेले.

भाची : कागदावर बरोबर आहे. पण बरेच जण एकदाच करतात आणि थांबतात. त्यांच्या डोक्यावर तू अशा भविष्यासाठी रेघ मारतोस, जे कदाचित येणारच नाही. आणि पट्टी करायची तर सूक्ष्मदर्शकावर बसणारी सहा-आठ जणांची तयार टीम लागते. नाशकात ती मी कुठून आणू? नवीन मुलं पट्टी शिकतच नाहीयेत.

मामा : त्याचं मला वाईट वाटतं. आमच्या हाताखालच्या टेक्निशियन मुली आठ-आठ तास मान वाकवून मुळं सुटी करायच्या. ग्राफ्ट शरीराबाहेर जितका जास्त वेळ राहतील तितके कमी जगतात, लिमर यांच्या हिशेबात तासाला साधारण एक टक्का. त्या मुली घड्याळ बघून काम करायच्या. ते कसब आता संपत चाललंय, आणि त्या जागी काय आलं? मोटारीचा पंच. पट्टी कापायला आणि शिवायला सर्जनच लागतो, टेक्निशियनला जमत नाही. पंच कुणालाही जमतो असं वाटायला लागलं.

भाची : हा दोष पद्धतीचा नाही.

मामा : नाही. पण पेशंट पद्धत निवडतो तेव्हा ती कुणाच्या हातून होणार हेही निवडत असतो, त्याला ते कळत नाही. 2019 मध्ये मुंबईत एक व्यावसायिक केस लावून घेतल्यावर दगावला. एकाच सत्रात नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या होत्या. तुझ्या चारातल्या एकाचं काय झालं तिथे? एवढ्या लांबलेल्या सत्रात भूल किती वेळा द्यावी लागते? भुलीच्या औषधाची, अॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची, मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाला 490 मिलिग्रॅमला थांबायला हवं. हे गणित तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला येत असतं का?

भाची : येत नाही. त्यावर मी तुझ्याइतकीच चिडते. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट लिहिलं की केस लावणं ही शस्त्रक्रिया आहे, प्लास्टिक सर्जननं किंवा त्वचारोगतज्ज्ञानं शिकून करायची, व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून नाही. तरी ब्युटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर चालूच आहे. इस्तंबूलला विमानानं जाणारे आहेत, तिथेही कितीतरी ठिकाणी डॉक्टर कपाळावर रेषा काढून निघून जातो आणि बाकीचं टेक्निशियन करतात. माझ्याकडे पंच माझ्या हातात असतो, छिद्रं मी पाडते. रोवायला टेक्निशियन मदत करतात, पण मी खोलीबाहेर जात नाही. म्हणून दिवसाला एकच पेशंट घेते.

या ठिकाणी दोघांचं एकमत झालं आहे, आणि माझं म्हणणंही हेच आहे. पहिल्या भेटीत पेशंटनं पद्धतीचं नाव विचारण्याआधी विचारावं : माझे केस कोण काढणार, छिद्रं कोण पाडणार, त्या वेळी डॉक्टर कुठे असणार, भुलीची रिअॅक्शन आली तर काय सोय आहे. सफायर, डीएचआय, रोबो ही सगळी नावं त्यानंतरची. सफायर हे छिद्र पाडणाऱ्या पात्याचं नाव आहे आणि डीएचआय हे रोवण्याच्या पेनचं. केस काढले जातात ते त्याच पंचनं. दरही बहुतेक ठिकाणी ग्राफ्टमागे असतो, वर 18 टक्के जीएसटी, कारण करकायद्यात अपघाताची किंवा जन्मजात व्यंगाची दुरुस्ती सोडली तर केस लावणं उपचारांच्या सवलतीत बसत नाही. ग्राफ्टमागे पैसे घेणाऱ्याला तीन केसांचा गुच्छ फोडून दोन ग्राफ्ट करायचा मोह होऊ शकतो. म्हणून ग्राफ्टबरोबर केसही मोजून मागावेत.

मामा : मला एक सांग, त्याला गोळी सुरू केलीस?

भाची : फिनास्टेराइडबद्दल बोलले त्याच्याशी. घाबरलाय. इंटरनेटवर लैंगिक दुष्परिणामांचं वाचून आलाय. थोड्या लोकांना होतात, ते लपवलं नाही मी. पण 1997 पासून हे औषध टकलासाठी वापरात आहे, आणि त्याच्या वयाला माथा वाचवायचा असेल तर याच्याइतकं उपयोगी दुसरं फारसं काही नाही, हेही सांगितलं. मिनॉक्सिडिल लावायला तयार आहे.

मामा : औषध घेणार नसेल तर सव्विसाव्या वर्षी मी त्याला हात लावणार नाही. पट्टीनंही नाही.

भाची : आणि लग्न? लावलेले केस महिन्याभरात गळतात, चौथ्या महिन्यात उगवायला लागतात, पूर्ण दिसायला वर्ष जातं. एक वर्ष औषध, मग शस्त्रक्रिया, मग आणखी एक वर्ष. मावशी दोन वर्षं थांबेल का?

मामा : कोपरे भरून दिले, मागचा माथा गेला आणि मधे पुढची झालर तेवढी उभी राहिली, तर चाळिशीत तो तुलाच विचारेल की तेव्हा मला अडवलं का नाहीस.

भाची : वर्षभर थांबायला मी तयार आहे. रेषाही वर ठेवीन, सोळा वर्षांच्या पोरासारखी खाली आणणार नाही. पण वर्षानं लावायचेच ठरले तर मी पंचनं लावीन, पहिल्या वेळी दीड हजारांवर जाणार नाही, आणि मागचं मधलं अंग तुझ्या पट्टीसाठी शाबूत ठेवीन. चालेल?

मामा : मधलं अंग सोडून घेणार असशील तर बोलता येईल. घेताना मात्र मानेकडे उतरू नकोस. रविवारी घेऊन ये त्याला. मागची घनता मोजू, कातडी किती सैल आहे ते बघू. आणि मागचे केस भिंगाखाली बघायचे. तिथलेच वीस टक्क्यांच्या वर केस बारीक व्हायला लागले असतील, तर तो साठा भरवशाचा नाही.

भाची : मग?

मामा : मग पट्टीही नाही आणि पंचही नाही. औषध, बारीक कटिंग, आणि मुलगी बघायला जाताना टोपी न घालता जायचं.

भाची : हे मावशीला कोण सांगणार?

मामा : मी सांगतो. माझीच बहीण आहे.